थंडीतला काढा आणि काढ्याची हद्द

तुळशीचे लग्न लागले की आमच्या घरात दोन भाषांतून काळजी सुरू होते. सासूबाई देवघरातूनच ओरडतात, "थंडी ऐती, शाल होदको!" त्याच वेळी माहेरहून आईचा फोन येतो, "अगं, मुलांना कानटोपी घाल. पहाटेचं वारं वाईट." दोघींचे म्हणणे एकच. सीमाभागातल्या आपल्या बहुतेक घरांत हे असेच चालते. लाडू आईच्या डब्यातून आले तर ते डिंकाचे लाडू, आणि सासूबाईंनी वळले तर त्याच अंटिन उंडी. सर्दीवर एकीचा काढा, दुसरीचा कषाय. मिऱ्याच्या सारावर मात्र दोघींचे एकमत.

तिसरी काळजी येते बडोद्याहून. माझी आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता पन्नास वर्षे होत आली. तिच्या सासरचे लोक गायकवाडांच्या राज्यात नोकरीसाठी गेले आणि तिथलेच झाले. आपल्या मराठीत कानडी शब्द न विचारता येऊन बसतात, तसे तिच्या मराठीत गुजराती शब्द. ती आमच्याकडे राहायला आली की एक गंमत होते. कानडीत सासूही अत्ते आणि वडिलांची बहीणही अत्ते. मी "आत्या" अशी हाक मारली की आतून सासूबाई "एनव्वा?" म्हणून ओ देतात.

मी मराठी शिकवते. डॉक्टर नाही. त्यामुळे या लेखात कोणते औषध घ्यावे हे सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला आत्याच्या घरी जे घडले ते सांगणार आहे, आणि त्यानंतर डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे कळले ते. त्या सकाळी काढ्याचा पेला माझ्याच हातात होता, म्हणून हे सांगणे मला भाग आहे.

बडोद्याचा हिवाळा

बडोद्याची थंडी आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या थंडीसारखीच फसवी. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, दुपारी ऊन असे की स्वेटर खुंटीला. सकाळ-दुपारच्या या फरकानेच माणसे शिंकू लागतात असे आत्या म्हणते.

पण हिवाळा म्हणजे खाण्याचे दिवस, हेही तिच्याकडेच पाहावे. कोवळ्या तुरीच्या दाण्यांची लीलवा कचोरी, हिरव्या लसणीची फोडणी, वांग्याचा ओळो आणि बाजरीचा रोटला, संक्रांतीला उंधियु. डब्यात उडदाचा अडदिया, मेथीपाक, गुंदरपाक. आपल्याकडे भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी, शेजारच्या कानडी घरात सज्जी रोट्टी. आपला तिळगूळ तो कानडी घरात एळ्ळु-बेल्ल, गुजराती घरात तलसांकळी. भाषा तीन, तरी तीळ, गूळ, बाजरी, डिंक, मेथी तीच. थंडीत भूक वाढते, पचन चांगले होते, म्हणून या दिवसांत तुपातले, पौष्टिक खावे हे आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही सांगितले आहे.

मात्र त्याच ऋतुचर्येत दुसरी गोष्टही आहे, जी आपण सोयीस्करपणे विसरतो. बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसाने थंडीत व्यायाम करावा, तोही अर्ध्या शक्तीने, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे लाडू आणि व्यायाम ही जोडी आहे.

ही जोडी बडोद्याला चांगली ठाऊक होती. जुम्मादादा व्यायाम मंदिर याच शहरातले. प्रो. माणिकरावांनी त्याचे नाव देशभर नेले. दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी संपादित केलेला मराठी व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत निघाला, तोही बडोद्याहून. सयाजीराव महाराजांच्या काळातली १८७९ सालची कमाटीबाग आजही सकाळी फिरणाऱ्यांनी भरलेली असते. आत्याच्या सासऱ्यांच्या पिढीतले लोक पहाटे तालमीत जोर-बैठका काढून येत आणि मग दुधाबरोबर लाडू खात. आपण तालीम सोडली, लाडू ठेवला. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारखीने सकाळी दोन लाडू खाल्ले तर ते जाणार कुठे?

मधुमेह असलेल्यांनी तर आणखी जपायचे. "साखर नाही, गुळाचा आहे" हे वाक्य हिवाळ्यात घरोघरी ऐकू येते. रक्तातली साखर वाढवायच्या बाबतीत गूळ साखरेहून फार वेगळा नाही. लाडू लहान वळा, एकच खा, आणि त्या दिवशी चालायला जा.

वासी उत्तरायणची सकाळ

बडोद्यात संक्रांत म्हणजे उत्तरायण, आणि ते दोन दिवस चालते. १४ जानेवारीला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण. सारे शहर गच्चीवर. दुचाकीवाले मांज्याच्या भीतीने गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात. आदल्या दिवशी आत्याने पाच सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावले होते, उंधियु स्वतः केला होता. रात्री झोपायला बारा वाजले.

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती उठली. आंघोळ, तुळशीला पाणी, मग चहा. साडेसहाच्या सुमारास स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज आला. मी गेले तर आत्या उजवा हात चोळत उभी.

"काय झालं गं, आत्या?"

"काही नाही. हात बधिर झालाय. थंडी भरली असेल."

आम्हा सगळ्यांना ते पटले. थंडी होतीच. काका म्हणाले, "काल दमलीस, आज पडून राहा." चुलतबहिणीने तेल कोमट करून हाताला चोळले. कोणी शेगडी आणली. सुंठ, मिरी, तुळस, ओवा घालून काढा मी उकळला. आत्यानेच मला शिकवलेला काढा तो.

तासाभराने ती बोलली ते नीट कळले नाही. "झोप येतेय तिला," असे आम्ही एकमेकींना सांगितले. मी तिला उशीला टेकवून काढा पाजायला लागले. पहिला घोट उजव्या ओठातून हनुवटीवर ओघळला. दुसऱ्या घोटाला तिला जोराचा ठसका लागला. मी पाठ चोळली आणि म्हणाले, "हळू पी."

नऊच्या सुमारास समोरच्या बेनची मुलगी आम्हाला गच्चीवर बोलवायला आली. नर्सिंगला शिकणारी पोर. आत्याकडे पाहून तिच्या हातातली फिरकी तिथेच खाली पडली. ती आत्याजवळ बसली आणि म्हणाली, "जरा हसो तो!"

आत्या हसली. अर्धाच चेहरा हसला.

मुलीने दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा हात खाली पडला. तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि १०८ला फोन लावला. रुग्णालयात पोचेपर्यंत पावणेदहा झाले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असा होता, "यांना शेवटचं अगदी ठीक किती वाजता पाहिलं होतं?" दुसरा प्रश्न, "रक्तदाबाची गोळी घेतात का?" घेत होती. दहा दिवसांपूर्वी संपली होती. सण झाला की आणू, असे ठरले होते.

डोक्याचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली होती. अशा वेळी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. आम्ही कसेबसे त्या मर्यादेत होतो. इंजेक्शन मिळाले. आत्या वाचली, बोलायला लागली, काठीशिवाय चालते. उजव्या हाताची बोटे मात्र पूर्वीसारखी वळत नाहीत. त्या अडीच तासांत आम्ही तिला तेल लावत होतो, शेकत होतो, काढा पाजत होतो. प्रेमाने. आणि मेंदूच्या पेशी एकेका मिनिटाला मरत होत्या.

काढ्याबद्दल डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अशा वेळी गिळायची शक्तीही गेलेली असते. पाजलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं." पुढचे चार दिवस आत्याच्या छातीत कफाची घरघर होती. ती ऐकत मी बाहेरच्या बाकावर बसून असे.

शब्दांनी चकवले

परत आल्यावर मी भाषेची बाई म्हणून विचार करू लागले. आम्ही शिकलेली माणसे, तरी आम्हाला थंडीच का सुचली?

मराठीत या आजाराला आपण काय म्हणतो? अर्धांगवायू. "अंगावरून वारं गेलं" असेही म्हणतो. कानडीत पार्श्ववायु. म्हणजे दोन्ही भाषांनी दोष वाऱ्याला दिला आहे. मग वारा लागलेल्या माणसाला पांघरूण घालावे, तेल चोळावे, गरम पाजावे असेच मनात येणार. खेड्यापाड्यांत अजूनही "लकवा होडदैती" म्हटले की आधी तेल आणि मालिशवाला आठवतो. बडोद्यात "लकवो मारी गयो" म्हणतात, तिथेही तेच. वाऱ्याचा आणि या आजाराचा तसा थेट संबंध नाही. हा मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार. वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. हात लुळा पडतो, पण बिघाड हातात नसतो. म्हणून हाताला तेल लावून काही होत नाही.

थंडीचा संबंध आहे तो वेगळ्या वाटेने. थंडीत शरीर उष्णता राखण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसते. त्यामुळे रक्तदाब वाढतो. घाम कमी, त्यामुळे तहान लागत नाही आणि पाणी कमी प्यायले जाते. सणांमुळे लोणची, पापड, तळलेले जास्त, म्हणजे मीठ जास्त. चालणे कमी. त्यात गोळी संपलेली. हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके थंडीत जास्त येतात, आणि पहाटेपासून दुपारपर्यंतच्या वेळात जास्त, ते यामुळे.

ओळखायचे कसे? त्या मुलीने केले तेच करायचे. चेहरा, हात, बोलणे. मराठीत सांगा, "हसा. दोन्ही हात वर करा. तुमचं नाव सांगा." कानडी बोलणाऱ्या आजींना सांगा, "नग्री. कै म्याल एत्री. माताडरी." तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडला किंवा बोलणे अडखळले, यातले एक जरी दिसले तरी वाट पाहायची नाही. अचानक एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाणे, कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, हीही तशीच लक्षणे. आणि दहा मिनिटांत सगळे ठीक झाले तरी रुग्णालयात जायचेच. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

तोंडावाटे काही द्यायचे नाही. पाणी नाही, काढा नाही, गोळीही नाही. रक्त पातळ करणारी गोळी घरी देऊ नये, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर निजवायचे. घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवायची.

काढ्याचे राज्य कुठवर

याचा अर्थ काढा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. साध्या सर्दी-पडशाला काढा, मिऱ्याचे सार, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या छान आहेत. घशाला शेक मिळतो, पोटात गरम पाणी जाते, माणसाला बरे वाटते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या डब्यात शोधून घेणे ही सवय तर मोडायलाच हवी. आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला काढ्याच्या हद्दीबाहेरचा. तिथे थुंकीची तपासणी हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

लहान मुलांच्या बाबतीत ही हद्द आणखी अलीकडे आहे. आज्यांनी रागावू नये, पण काही गोष्टी थांबवायला हव्यात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, गुटीतूनसुद्धा. त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. बाळाच्या नाकात तेल घालू नये. कापराचा बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, आणि कुणाच्याच नाकपुडीत घालू नये. ओव्याची-लसणीची धुरी बाळाच्या खोलीत नको. धूर तो धूरच. वाफेचे पातेले मुलांसमोर ठेवू नये. ते कलंडून भाजल्याच्या घटना दर हिवाळ्यात होतात.

मग बाळाची सर्दी साधी की गंभीर, हे आईने कसे ओळखावे? घड्याळ घ्या. बाळ शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील तर डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळसर दिसत असतील तर रात्र असली तरी निघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर तोच पुरेसा इशारा आहे.

दम्याच्या मुलांच्या आयांना एक विनंती. "पंपाची सवय लागते" हे ऐकून थंडीतच पंप बंद करू नका. सवय पंपाची लागत नसते, दम्यालाच रोज सांभाळावे लागते. धुक्याच्या सकाळी बाहेर जाताना नाका-तोंडावरून रुमाल घ्या. कचऱ्याची शेकोटी पेटवून मुलांना भोवती बसवू नका.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी

आमच्याकडे आता काही नियम झाले आहेत. सासूबाईंनी आधी कुरकुर केली, मग त्याच त्याच्या हवालदार झाल्या.

पहिला, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या घरात असल्याशिवाय सण सुरू होत नाही. तिळगुळाच्या यादीत पहिली ओळ गोळ्यांची.

दुसरा, पहाटे एकदम अंथरुणातून उठून गार फरशीवर जायचे नाही. दोन मिनिटे बसायचे, मोजे-शाल घ्यायची, मग उठायचे. आंघोळ कोमट पाण्याने, ऊन आल्यावर. देवालाही उशीर चालतो.

तिसरा, फिरायला जायचेच, पण ऊन पडल्यावर. तेच ऊन अंगावर घेतले की हाडांनाही बरे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब आला, दम लागला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखले तर "गॅस झाला" म्हणून ओवा खात बसायचे नाही.

चौथा, तहान नसली तरी पाणी. आजी कोमट पाण्याचा तांब्या जवळ ठेवतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारून.

पाचवा, मधुमेही माणसाने पाय शेगडीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायचे नाहीत. त्यांच्या पायांना चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि पुढे जखम भरत नाही. त्यांनी रात्री सैल मोजे घालावेत आणि रोज तळवे पाहावेत. टाचांच्या भेगांना रात्री पाय धुऊन, पुसून पेट्रोलियम जेली लावावी.

यात एक माणूस नेहमी सुटतो. घरातली बाई. सगळ्यांना गरम वाढून ती गार जेवते, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरलेल्या पाण्यात न्हाते, गार पाण्यात भांडी घासते आणि स्वतःचा रक्तदाब कधीच मोजत नाही. गेल्या वर्षी आम्ही हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले नाहीत. रक्तदाबाचे यंत्र आणले आणि एका परिचारिका मैत्रिणीने आलेल्या प्रत्येकीला बसवून मोजून दिले. काही जणींचा १४०/९०च्या वर निघाला, आणि त्यांतल्या कुणालाच ते माहीत नव्हते. एकदाच्या मोजणीवरून निदान होत नाही, पण त्या दवाखान्यात गेल्या हे महत्त्वाचे.

बंद दारे

थंडीचा आणखी एक शत्रू आहे. त्याला रंग नाही, वासही नाही. न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून दार-खिडकी घट्ट बंद केली, किंवा झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. डोके दुखते, गरगरते, आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, त्यात बहुधा तरुण माणसे असतात. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा. तो आतच असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार काही वेळ उघडे ठेवा आणि मग आंघोळीला जा. खिडकीला लावलेला पुठ्ठा काढा. शेगडी झोपायच्या खोलीत नकोच. आत कुणी पडलेले दिसले तर आधी दारे-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा.

कपाटाच्या दारावर लावायचा कागद

आमच्या घरी गोळ्यांच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे, मराठी आणि कानडीत. आपणही लावा.

• चेहरा, हात, बोलणे. एक जरी बिघडले तरी १०८. गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, तिन्हीकडे क्रमांक हाच.
• शेवटचे ठीक कधी होते, ती वेळ लिहा.
• तोंडावाटे काहीही देऊ नका.
• रात्रीही सीटी स्कॅन होणारे जवळचे रुग्णालय कोणते? बेळगाव, कोल्हापूर की मिरज, हे आजच विचारून त्याचे नाव इथे लिहा. राज्याची हद्द पाहू नका, अंतर पाहा.
• घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची नावे आणि त्या कधी संपतात ती तारीख.
• बाळाच्या श्वासाचे आकडे : ६०, ५०, ४०.

आपण सीमाभागातली माणसे. हद्द हा शब्द आपण राजकारणात इतका ऐकतो की घरात तो आठवत नाही. पण घरगुती उपायांनाही हद्द असते. तिच्या अलीकडे आजी, आई, अत्ते, आत्या यांचे राज्य. तिथे डॉक्टरांची घाई नको. पलीकडे गेल्यावर मात्र त्यांनीच आधी म्हटले पाहिजे, "आता काढा नको, गाडी आणा." त्यांनी म्हटले तर घर ऐकते.

रुग्णालयात असताना आत्याकडून रोज एक वाक्य म्हणवून घेत. कोणते म्हणवावे असे विचारल्यावर काका म्हणाले, "संक्रांत आहे. तेच म्हणू दे." पाच दिवस तिला फक्त "तिळ..." एवढे जमले. सहाव्या दिवशी तिने पूर्ण म्हटले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आता संक्रांतीला तिचा व्हिडिओ कॉल येतो. नमस्कार, आशीर्वाद नंतर. आधी ती सगळ्यांना ओळीने उभे करते, सासूबाईंनासुद्धा, आणि म्हणते, "चला, हसून दाखवा बघू."